कंट्रोलरचे कान

शनिवारी संध्याकाळी सहा वाजायच्या जरा आधी कंट्रोलर मागच्या खोलीचं दार लावून घेत, खिडकी बंद करत आणि संगणकासमोर बसून घसा साफ करत. मग ठरलेली सूचना. "सर्वांना नमस्कार. श्रोत्यांनी आपापले माइक बंद ठेवावेत. ज्यांच्या घरात भांडी पडत आहेत त्यांनी तर नक्कीच ठेवावेत. व्याख्यान वेळेवर सुटत आहे." सुरू होत आहे, असं ते कधी म्हणाले नाहीत. उभी हयात बस स्थानकाच्या लाकडी केबिनमध्ये गेली होती, आणि तिथे काही सुरू होत नसे, सुटत असे.

निसर्ग मंडळात ते कंट्रोलर म्हणूनच आले आणि कंट्रोलरच राहिले. मंडळ म्हणजे तीसेक माणसं, बहुतेक निवृत्त, गळ्यात दुर्बिणी आणि पायात मुलांनी टाकून दिलेले बूट. वस्तीच्या टोकाला तळं, तळ्यापलीकडे गवताचा पट्टा, एवढं त्यांचं राज्य. पूर्वी व्याख्यानं वाचनालयाच्या हॉलमध्ये होत. हॉल रंगकामासाठी म्हणून बंद झाला तो उघडलाच नाही, तेव्हा व्याख्यानं संगणकावर आली. वटवाघळांचे अभ्यासक दूरच्या शहरातून बोलू लागले, सापांवर बोलणाऱ्या बाईंच्या मागे त्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसू लागलं. कंट्रोलरांना हे जमायचं नाही, असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटच. कोणी बोलायचं, कोणी गप्प बसायचं आणि कोणाला कधी पुढे सोडायचं, हे सगळं एका बटणावर आलं होतं, आणि हे काम तर त्यांनी जन्मभर केलं होतं.

पण मंडळात त्यांचा मान होता तो बटणामुळे नव्हे, कानांमुळे. स्थानकात असताना गाडी वळणावर दिसायच्या आधीच, नुसत्या घरघरीवरून, ते कुठली गाडी आहे आणि चाकावर कोण आहे ते सांगत. निवृत्त झाल्यावर तेच कान त्यांनी पाखरांना लावले. झाडीत काही चिवचिवलं की इतरांच्या दुर्बिणी वर जायच्या, आणि कंट्रोलर स्वतःच्या बुटांकडे बघत नाव सांगून मोकळे व्हायचे. मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टरीणबाई, ज्यांनी गायीम्हशींना सुया टोचण्यात आयुष्य घालवलं, त्या नव्या माणसाला सांगायच्या, "आपल्याकडे दोन यंत्रं आहेत. एक मोठी दुर्बीण आणि एक कंट्रोलर. दुर्बीण जपून हाताळावी लागते."

या कानांना वरच्या बाजूने उतरती कळा लागली होती. घुबडाचं घुमणं, टिटवीचा आरडाओरडा, माणसांचं बोलणं, सगळं ठीक होतं. बारीक, टोकदार आवाज तेवढे गळून पडले होते. पहिल्यांदा गेला तो फ्रिज. दार उघडं राहिलं की तो टीं टीं करतो. एकदा कंट्रोलर त्याच्या शेजारीच फळ कापत उभे असताना सून मागून आली, तिने दार लोटलं आणि म्हणाली, "बाबा, कधीचा ओरडतोय हा."

"हो का? लक्ष नव्हतं."

त्यानंतरही तिने ते दार पुष्कळदा लोटलं, पण पुन्हा कधी काही म्हणाली नाही. तिच्या न बोलण्यावरून कंट्रोलरांना कळलं की तिला कळलंय.

मग वटवट्या गेला. हा गवतात राहणारा बोटभर तपकिरी पक्षी. विणीच्या दिवसांत नर गवतावर हवेत हेलकावे घेत उडतो आणि दर हेलकाव्याला एकदा चिट् म्हणतो, कात्रीने कापड कातरावं तसं. कंट्रोलरांना हेलकावे दिसत, कात्री ऐकू येत नसे. दिसला की ते "वटवट्या" म्हणत, त्यामुळे कुणाला काही संशय येत नसे. जे दिसले नाहीत ते मात्र गेले ते गेलेच.

एरवी हे चालून गेलं असतं. पण मंडळाच्या वार्षिक पक्षीगणनेत एक पद्धत पडून गेली होती. तळ्यावर सगळ्यांनी बघून मोजायचं आणि गवताच्या पट्ट्यात कंट्रोलरांनी ऐकून. ते म्हणतील तो आकडा. सलग दोन वर्षं वटवटे कमी भरले. आकडे एका तज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी एका शनिवारी उतरत जाणारा आलेख दाखवला आणि गवत लवकर कापलं की घरटी कशी जातात ते समजावून सांगितलं. तीस चौकटींमधून तीस माणसं हळहळली. मंडळाने उद्यान खात्याला गळ घातली, खात्याने गवत कापणं बंद केलं. वर्षभरात तळ्याकडची पायवाट गवतात बुडाली. सकाळी फिरायला येणारे मंडळाच्या नावाने बोटं मोडू लागले. मंडळातले कॅशियर, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आणि अजून तसेच बोलणारे गृहस्थ, मोज्यांतली कुसळं उपटत म्हणायचे, "ज्याच्यासाठी हे सोसतोय त्या वटवट्याने निदान पोच तरी द्यावी."

तो आलेख कंट्रोलरांनीही पाहिला होता. खाली खाली जाणारी ती रेघ नक्की कशाची, ही शंका त्यांना त्याच संध्याकाळी आली. तिचं त्यांनी काही केलं नाही. गणना पुन्हा तोंडावर आली होती. गवताचा पट्टा दुसऱ्या कुणाला देणं म्हणजे केबिनची किल्ली परत करून बाहेरच्या बाकावर प्रवाशांत जाऊन बसणं, आणि तेवढी त्यांची तयारी नव्हती.

गणनेच्या आधीच्या शनिवारी दर वर्षी वक्ते स्वतः कंट्रोलर असत. विषय एकच, आवाज ऐका आणि पक्षी ओळखा. या वर्षी त्यांच्या जुन्या संगणकाने ऐन वेळी मान टाकली, म्हणून त्यांनी सुनेचा मागून घेतला. सून त्याच खोलीत बसून ऑफिसचं काम करायची. भिंतीपलीकडे लोखंडी दारं बनवायचं वर्कशॉप होतं आणि तिथला ग्राइंडर दिवसभर दात उपटल्यासारखा किंचाळायचा. तरी तिच्या ऑफिसातल्या कुणालाही तो आजवर ऐकू आला नव्हता, याचं तिला मोठं कौतुक होतं.

"बाबा, इकडेतिकडे काही दाबू नका हं," संगणक सुरू करून देत ती म्हणाली. "सगळं माझ्या कामाचं लावून ठेवलंय."

"मी कशाला दाबतोय?" कंट्रोलर म्हणाले, आणि खरंच काही दाबलं नाही. चूक झाली ती तिथे.

आवाज ऐकवायची त्यांची रीत साधी होती. पक्ष्यांचे आवाज मोबाईलमध्ये होते. मोबाईल वाजवायचा आणि संगणकाच्या माइकसमोर धरायचा. मोबाईलच्या पडद्यावर आवाजाची रेघ वरखाली होत असे, तिच्याकडे बघून कधी थांबायचं ते त्यांना कळत असे.

सहा वाजले. व्याख्यान वेळेवर सुटलं. कंट्रोलरांनी पहिला आवाज लावला. घुबड खोलीत घुमलं. चौकटींमधले चेहरे दगडासारखे स्थिर होते. इतकं लक्ष देऊन लोक ऐकतायत हे पाहून त्यांना बरं वाटलं.

"कोण सांगतंय?"

"घुबड," कॅशियर म्हणाले.

"बरोबर. आता हा."

"पाणकोंबडी, दुसरं कोण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिसऱ्या आवाजाला चारपाच जण एकदमच "टिटवी" म्हणाले. कंट्रोलरांनी त्यांना एकेकाने बोलायची सूचना दिली.

या सर्व वेळात त्या तीस घरांपैकी एकाही घरात एकही पक्षी पोचला नव्हता. कंट्रोलरांचं बोलणं स्वच्छ येत होतं. मग ते मोबाईल पुढे करत, आणि मागे शांतता. डॉक्टरीणबाईंनी मनाशी धरलं की आपले कान गेले, वयच झालं. कॅशियरांना वाटलं आपल्याकडचं नेट गेलं, म्हणून ते संगणक उचलून या खोलीतून त्या खोलीत फिरून आले. एका आजोबांनी कानातलं मशीन काढून पुसून परत घातलं. बाकीच्यांना कसं काय ऐकू येतंय, हा प्रश्न प्रत्येकाला पडला आणि प्रत्येकाने तो गिळला. पक्ष्यांच्या मंडळात बसून आपल्याला पक्षी ऐकू येत नाही, हे पहिल्यांदा कोण सांगणार? उत्तरं तर अचूक येत होती. त्याचं कारण कंट्रोलरांनी आयुष्यात कधी मार्ग बदलला नव्हता. फाटकाशी घुबड, पुलाखाली पाणकोंबडी, बांधावर टिटवी आणि शेवटी गवतात वटवट्या. गणनेची फेरी याच क्रमाने निघे आणि व्याख्यानही. जुन्या सभासदांना हे थांबे तोंडपाठ होते.

"आता शेवटचा," कंट्रोलर म्हणाले. "याच्यासाठी आपण पायवाट सोडलीय." त्यांनी मोबाईल माइकला जवळजवळ टेकवला. पडद्यावर रेघ उड्या मारत होती. त्यांना स्वतःला काही ऐकू येत नव्हतं, पण त्याची सवय झाली होती. रेघ थांबली तसा त्यांनी मोबाईल खाली केला.

"किती नाजूक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पूर्वीपेक्षा खालावलाय बिचाऱ्याचा आवाज," कॅशियर म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका चौकटीत हात वर झाला. पार्लरवाल्या बाई मंडळात नव्या होत्या. अजून एकही गणना त्यांनी केली नव्हती.

"कंट्रोलर, एक विचारू? मला काहीच ऐकू आलं नाही."

"शेवटचा फार बारीक असतो."

"शेवटचा नाही हो, एकही नाही. सगळे पटापट ओळखतायत म्हणून मी आपली गप्प. पण दिवसभर ड्रायर चालू असतात आणि गिऱ्हाईक तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतं ते मला कळतं. माझे कान असे नाहीत."

"नवीन आहात," कॅशियर म्हणाले. "सवयीने येतं."

"सवयीने काय येतं? ऐकू?"

कॅशियर खाली वाकून काहीतरी शोधू लागले.

"तो शेवटचा परत लावता का?" पार्लरवाल्या बाई म्हणाल्या.

कंट्रोलरांनी लावला. रेघ पुन्हा उड्या मारू लागली.

"नाहीच. तुम्हाला येतोय ना, कंट्रोलर? तुमच्या तर हातातच वाजतोय."

प्रश्न साधा होता. हो म्हटलं की मिटत होतं. पण मोबाईल खरंच वाजतोय की मुका झालाय, हे त्या घटकेला कंट्रोलरांना ठाऊक नव्हतं. ते कळायला लागणारा कान त्यांच्याकडे नव्हता. केबिनमध्ये इतकी वर्षं बसून त्यांनी न आलेली गाडी आली म्हणून कधी पुकारली नव्हती.

"रेघ हलतेय," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाहीये."

मग डॉक्टरीणबाई खाकरल्या. "आता तुम्हीच म्हणताय तर, मलाही नाही आला."

"मला तर घुबडसुद्धा नाही," कॅशियर म्हणाले.

"मग ओळखलंत कसं?" कंट्रोलर म्हणाले.

"फाटकाशी काय हत्ती असतो? तुम्ही कधी थांबा बदललाय का?"

मग माइक भराभर उघडले आणि प्रत्येकाने आपल्याला काय काय आलं नाही ते सांगितलं. हसण्याचा गलका झाला. कंट्रोलरांनी उठून दार उघडलं आणि सुनेला हाक मारली.

ती हात पुसत आली. मोबाईलवर वटवट्या अजून चालूच होता. खोलीत पाऊल टाकताच तिने कपाळाला आठी घातली, मोबाईल उचलला आणि अंगठ्याने त्याचा आवाज कमी केला. मग संगणकात डोकावली.

"अगं बाई, हे मी वर्कशॉपसाठी लावलंय. माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळं गाळून टाकतं हे. ग्राइंडर काय आणि पाखरू काय, त्याला सारखंच." तिने एक खूण काढून टाकली. "लावा आता."

घुबड लावलं. या वेळी चौकटींमधले चेहरे हलले. कुणी टाळी वाजवली. कानातलं मशीन पुसणाऱ्या आजोबांनी ते आनंदाने आणखी एकदा पुसलं.

"चला, सगळ्यांचे कान शाबूत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि कंट्रोलर, तुम्हीही उगाच घाबरलात. दोष यंत्राचा होता."

"मी तर मनातल्या मनात कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो," कॅशियर म्हणाले.

विषय तिथेच संपत होता. कंट्रोलरांनी हसायचं, घड्याळाकडे बघायचं आणि आभार मानून व्याख्यान बंद करायचं, एवढंच उरलं होतं. सून चौकटीच्या बाहेर, भिंतीला टेकून उभी होती. यंत्र आवाज गाळत होतं ते बाहेर जाताना, खोलीत तर तो पूर्ण वाजत होता. हे तिला माहीत होतं, आणि तिचा अंगठा पाहिल्यापासून कंट्रोलरांनाही. ती बोलली नसती. फ्रिजचं दार तिने आजवर बिनबोभाट लोटलंच होतं.

कंट्रोलरांनी बटण दाबून सगळ्यांचे माइक बंद केले.

"एक दुरुस्ती," ते म्हणाले. आवाज स्थानकातला होता. "यंत्र तुमच्याकडे येणारा आवाज अडवत होतं. या खोलीत तो व्यवस्थित वाजत होता. सूनबाईंना आत्ता कमी करावा लागला, इतका. मला तो आला नाही. मागच्या गणनेतही आला नव्हता, त्याच्या आदल्या गणनेतही नाही. गवताच्या पट्ट्याचे ते दोन्ही आकडे माझ्या कानांचे आहेत. वटवट्यांचे किती, ते मला सांगता येणार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी."

तीस चौकटींमध्ये तोंडं हलू लागली, आवाज एकाचाही नव्हता. कंट्रोलरांनी ते थोडा वेळ तसंच चालू दिलं. मग डॉक्टरीणबाईंचा माइक उघडला.

"म्हणजे वटवटे आहेत," त्या म्हणाल्या.

"असतील. मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"तज्ज्ञ बाईंना मी कळवते. उद्यान खात्याला काय कळवायचं ते मात्र मला सुचत नाही. सांगायचं होतंत, कंट्रोलर."

"हो."

कॅशियरांचा माइक उघडला. "वर्षभर मी कुसळं काढतोय," ते म्हणाले, "ती तुमच्या कानापायी?" कुणी हसलं नाही. नंतर पार्लरवाल्या बाईंना हसू आवरलं नाही, आणि कॅशियरही नाइलाजाने हसले. "उद्या गवतात मग कोण?" त्यांनी विचारलं. त्यांची स्वतःची इच्छा लपत नव्हती. हा पट्टा त्यांना बरीच वर्षं हवा होता.

"पहिल्यांदा लावलं तेव्हा तुम्हाला घुबड ऐकू आलं का?" कंट्रोलर म्हणाले.

"नाही. ते तर कुणालाच नाही."

"पण तुम्ही सांगितलंत घुबड. गवतात पार्लरवाल्या बाईंना न्या. त्यांना आलं नाही तेव्हा त्या नाही म्हणाल्या."

"अहो, मला चिमणीशिवाय काही ओळखता येत नाही," पार्लरवाल्या बाई माइक उघडत म्हणाल्या.

"तुम्ही फक्त ऐका. ओळखायला मी मागे आहे."

व्याख्यान उशिरा संपलं. त्यांच्या कारकिर्दीत हे पहिल्यांदाच झालं होतं. सून संगणक आवरत म्हणाली, "बाबा, कानाच्या डॉक्टरांचा नंबर काढून ठेवू का?"

"ठेव," कंट्रोलर म्हणाले. "किती मोठा होता गं तो आवाज?"

"कान किटले माझे."

ते ऐकून त्यांनी मान हलवली, एखाद्या चालकाने गाडी का थांबली ते सांगावं आणि आपण ऐकून घ्यावं तशी.

रविवारी सकाळी कमरेएवढ्या गवतात पुढे पार्लरवाल्या बाई आणि मागे कंट्रोलर अशी फेरी निघाली. बाई हात वर करून दिशा दाखवत, कंट्रोलर दुर्बीण लावत. कधी गवतावर हेलकावे घेणारा ठिपका सापडे आणि ते "वटवट्या" म्हणत. कधी काहीच सापडत नसे.

"टोळ असेल," कंट्रोलर म्हणाले.

"टोळ नाही हो. टोळ एकसारखा वाजतो. हा थांबून थांबून कातरतोय."

"दिसला नाही तर मी कसा धरू?"

"मला ऐकू आला तर मी कसा सोडू?"

अशी त्यांची पुढच्या बांधापर्यंत जुंपली. शेवटी ऐकलेले आणि दिसलेले असे दोन आकडे वेगवेगळे द्यायचे ठरलं. ऐकलेला आकडा गेल्या वर्षीपेक्षा बराच मोठा निघाला. तज्ज्ञ बाईंनी कळवलं की कान बदलल्यामुळे हा आकडा जुन्या रेघेला जोडता येणार नाही, आणि मधली दोन वर्षं कोरी सोडावी लागतील. वटवटे खरंच घटले होते की नाही, हे आता कधीच कळणार नाही. उद्यान खात्याने पायवाटेपुरतं गवत कापून दिलं. कॅशियर तरीही मोजे झटकतात.

कंट्रोलरांना कानात घालायचं मशीन मिळालं. त्यात फ्रिज ऐकू येतो, फार ऐकू येतो. वटवट्या अधूनमधून येतो, शेजाऱ्याच्या घरातल्या रेडिओसारखा. गवताच्या पट्ट्यात ते आजही मागे चालतात.

शनिवारची व्याख्यानं चालू आहेत, सूचनाही तेच देतात. पण वक्त्याला बोलू देण्याआधी ते आता घुबडाचा आवाज लावतात आणि एकेकाला नावाने विचारतात, आला की नाही. "आला" एवढंच म्हटलेलं त्यांना चालत नाही, कितीदा घुमलं तेही सांगावं लागतं. कॅशियर दर वेळी चुकतात आणि मग परत लावावं लागतं. यात पुष्कळ वेळ जातो. त्यामुळे सूचनेतलं शेवटचं वाक्य त्यांना बदलावं लागलंय. व्याख्यान थोड्या वेळात सुटेल, असं ते म्हणतात, आणि म्हणताना घड्याळाकडे बघत नाहीत.